चौदा मिनिटांचा फरक

रुग्णालयात रत्नपाल वाहानेला पूर्ण नावानं हाक मारणारं कोणी नव्हतं. मोठ्या डॉक्टरांपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळ्यांचा तो 'रतन भिया', म्हणजे इंदुरी बोलीत रतनभाऊ, आणि ही हाक बहुतेक वेळा काहीतरी बंद पडलं की यायची. "रतन भिया, प्रिंटर अटक गया." "रतन भिया, स्क्रीन काळी झाली, बघा नं जरा." मग तो तळघरातल्या आपल्या खोलीतून उठायचा, खिशात छोटा स्क्रू-ड्रायव्हर टाकायचा आणि जिन्यानं वर जायचा. लिफ्ट पेशंटांसाठी असते, असं त्याचं म्हणणं. सोळा वर्षं त्यानं तो जिना चढला-उतरला.

तो मूळचा महूचा. आजोबा फौजेत शिपाई होते, वडील फौजेच्याच वर्कशॉपमध्ये गाड्यांची इंजिनं खोलायचे. रत्नपालनं इंदूरला पॉलिटेक्निक केलं आणि राजवाड्यामागच्या एका गल्लीत कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात सात वर्षं काढली. मैत्री, त्याची मुलगी, जन्मली त्याच वर्षी तो रुग्णालयात लागला. बायको प्राची शाळेत गणित शिकवायची. घर साधं, माणूस त्याहून साधा. बोलणं कमी. कोणी चिडून बोललं तर "हो जी" म्हणून कामाला लागायचा. पण 'मशीन ठीक आहे' असं रतन भियानं एकदा म्हटलं की पुढे कोणी विचारत नसे. एवढा त्याच्या शब्दाला मान होता.

तळघरात एक मोठं सर्व्हर होतं आणि त्याच्या पोटात अकरा मशीनं चालत. ही अकरा मशीनं हाताला लागत नाहीत. त्यांना डबा नाही, पंखा नाही, ती नुसती सॉफ्टवेअरमध्ये असतात. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्यांना. एक औषधांचं, एक तपासण्यांचं, एक हजेरीचं, आणि एक घंटीचं. पेशंटनं पलंगाशी लटकणारं बटण दाबलं की नर्सच्या टेबलावर दिवा लागतो, घंटी वाजते आणि किती वाजून किती मिनिटांनी कुठल्या पलंगावरून वाजली, याची नोंद त्या मशीनमध्ये होते. ती नोंद कोणी कधी उघडूनही पाहत नसे.

त्या वर्षी नऊ जूनला घंटीचं नवं सॉफ्टवेअर बसवायचं होतं. बसवताना मशीनचं घड्याळ मागे-पुढे उड्या मारायला लागलं. मोठं सर्व्हर त्याला एक वेळ सांगत होतं, इंटरनेटवरचं टाइम सर्व्हर दुसरी, आणि दोघांची ओढाताण चालली होती. कंपनीचा इंजिनिअर फोनवर म्हणाला, "सर, अभी दोनों बंद कर दीजिए, इन्स्टॉल हो जाए तो एक चालू कर देना." रत्नपालनं दोन्हींकडून वेळ घेणं बंद केलं. सॉफ्टवेअर नीट बसलं. त्याचा हात की-बोर्डवर होता, इतक्यात बिलिंगच्या काउंटरवरून फोन आला. प्रिंटर अडकला होता, समोर रांग लागली होती. तो उठून वर गेला. परत आला तेव्हा दुसरंच काही वाट पाहत होतं. जे चालू करायचं होतं ते राहून गेलं.

दोन सप्टेंबरला दुपारी चौथ्या मजल्यावर नानासाहेब नावाचे चौऱ्याहत्तर वर्षांचे गृहस्थ गेले. स्नेहलतागंजातलं जुनं घराणं, होळकरांच्या दरबारात पणजोबा कारकून होते म्हणे. हृदयाचं ऑपरेशन झालेलं, उद्या-परवा घरी जायचे होते. मुलगा दिवाकर जेवायला म्हणून खाली गेला होता. वर आला तेव्हा पलंगाभोवती पडदा ओढलेला होता.

असं रुग्णालयात होतं. पण दिवाकरनं तक्रार केली, चौकशी बसली, आणि चौकशीत दोन कागद समोरासमोर ठेवले गेले. घंटीच्या मशीनचा कागद सांगत होता, दोन वाजून सहा मिनिटांनी घंटी वाजली. औषधांच्या मशीनचा कागद सांगत होता, नर्सनं पेशंटच्या मनगटावरची पट्टी स्कॅन केली ती दोन बावीसला. मधे सोळा मिनिटं. घंटी वाजते आहे, माणूस तडफडतो आहे आणि नर्स सोळा मिनिटं आलीच नाही.

नर्स होती यशोधरा. सव्वीस वर्षांची, महूचीच. रिटायर्ड हवालदार बुद्धरत्न यांची धाकटी मुलगी. घराण्यातली पहिली नर्स. रत्नपाल तिला ओळखायचा तो एवढ्याचपुरता, की ती कधी फोन करून बोलवायची नाही, खाली येऊन सांगायची, "रतन भिया, सवड झाली की या, घाई नाही."

चौकशीत ती एकच वाक्य बोलत राहिली. "घंटी वाजली आणि मी धावत गेले. दोन मिनिटंही लागली नाहीत."

"मग हे सोळा मिनिटं काय आहे?" चौकशी समितीतल्या एकानं विचारलं.

"मला माहीत नाही सर. मी खरंच गेले होते."

आया तेव्हा दुसऱ्या वॉर्डात होती. दुसरी नर्स सुट्टीवर. साक्षीला कोणी नाही.

सहा सप्टेंबरला देवदत्त सर खाली आले. ते कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख. त्यांनी घंटीच्या नोंदीचं छापील पान रत्नपालच्या टेबलावर ठेवलं. खाली टाइप केलं होतं, की सदर नोंदी मशीनमधून जशाच्या तशा काढल्या आहेत, त्यांत कोणताही फेरफार नाही.

"सही करून दे, रतन. मीटिंग सुरू आहे वर."

रत्नपालनं नोंदी पुन्हा मशीनशी पडताळून पाहिल्या. एक अक्षर इकडचं तिकडे नव्हतं. त्यानं सही केली. मशीनचं स्वतःचं घड्याळ बरोबर आहे का, हे पाहावं असं त्याच्या मनातही आलं नाही.

त्या दिवशी घरी जाताना व्हरांड्यात नानासाहेबांचे कोणी नातेवाईक उभे होते. त्यातला एक जण म्हणाला, "आजकल किसी को भी भर लेते हैं. नाम सुनो तो समझ में आ जाता है." रत्नपालला ते ऐकू आलं. त्याचं स्वतःचं ओळखपत्र गळ्यात होतं, नाव दिसेल असं. त्यानं ते शर्टाच्या खिशात सरकवलं आणि पुढे निघून गेला.

यशोधराला काढून टाकलं. दिवाकरनं तिचा फोटो आणि सोळा मिनिटांची गोष्ट मोबाइलवर टाकली. ती इंदूरभर फिरली, महूलाही पोचली. प्राचीच्या शाळेतल्या बायकांनीही ती वाचली. प्राची म्हणाली, "कशी असेल हो ही मुलगी? सोळा मिनिटं!" रत्नपाल म्हणाला, "चांगली वाटायची." आणि विषय तिथंच संपला.

बारा सप्टेंबरला घंटीचं मशीन कुठल्याशा अपडेटसाठी बंद करून चालू केलं. चालू होताना अशी मशीनं मोठ्या सर्व्हरकडून वेळ घेतात, त्यामुळे घड्याळ आपोआप ठीक झालं आणि झालेली चूक झाकली गेली. पुढं नोव्हेंबरात नवं सर्व्हर आलं, सगळी मशीनं नव्यानं बसवली गेली, तेव्हा वेळ विचारण्याची सोयही नव्यानं सुरू झाली. वरवर पाहता कशाचाही मागमूस राहिला नाही.

दहा महिने गेले.

जुलैच्या एका सकाळी रत्नपाल जुन्या नोंदी साफ करत बसला होता. घंटीच्या मशीनची बारा सप्टेंबरची नोंद समोर आली आणि त्याची नजर अडली. मशीन बंद झालं, अकरा वाजून दोन मिनिटं. मशीन चालू झालं, अकरा वीस. अठरा मिनिटं? त्याला तो दिवस आठवत होता. घंटी बंद म्हणून चौथ्या मजल्यावर आरडाओरडा नको, यासाठी त्यानं मुद्दाम घड्याळ लावून ते काम दोन मिनिटांत उरकलं होतं. मग वरची सोळा मिनिटं कुठून आली?

तो मागे मागे गेला. रोज पहाटे बॅकअप घेताना मशीन दहा सेकंद थांबवलं जायचं. नऊ जूनपासून बारा सप्टेंबरपर्यंत पंचाण्णव दिवस. त्यानं कागदावर गुणाकार केला. नऊशे पन्नास सेकंद. म्हणजे सोळा मिनिटांना दहा सेकंद कमी. मग त्यानं दुसरा गुणाकार केला. तो करताना पेनची टोपी त्याच्या तोंडात होती आणि ती कधी चावली गेली ते त्याला कळलं नाही. दोन सप्टेंबरपर्यंत पंच्याऐंशी दिवस. आठशे पन्नास सेकंद. चौदा मिनिटं.

घंटी दोन वाजून सहा मिनिटांनी वाजलीच नव्हती. ती दोन वीसला वाजली होती. यशोधरा दोन बावीसला पलंगापाशी होती.

तो कागद घेऊन उठला. मग देवदत्त सरांकडे गेला. त्यांनी कागद पाहिला, दार लावून घेतलं.

"कोणाला बोललास?"

"नाही."

"मग बोलूही नको. केस क्लोज झाली आहे, यार. पेशंटवाले शांत झाले, ती मुलगी गेली. आता हे उकरलं तर पहिला तू जाशील आणि दुसरा मी. मैत्री बारावीला आहे नं तुझी?"

"हो जी."

"मग? छोड़ दे."

रत्नपाल खाली आला. आणि त्यानं सोडून दिलं. ही गोष्ट तो पुढं कधी लपवत नसे. नऊ दिवस तो गप्प राहिला. कामावर गेला, घरी आला, जेवला. मैत्रीला रोज भंवरकुआंच्या क्लासला सोडायला जायचा, तेही केलं. दहाव्या दिवशी, रविवारी सकाळी, प्राची पोह्यांना कांदा चिरत होती आणि तो ओट्याशी उभा होता. तिनं सहज विचारलं, "तब्येत ठीक नाही का हो? चार दिवस झाले, नीट बोलत नाहीये तुम्ही."

त्यानं सांगितलं. तिला आधी काहीच समजेना.

"मशीनचं घड्याळ मागे कसं पडेल? आपल्या मोबाइलचं पडतं का?"

"मोबाइल सारखा विचारत असतो कोणाला तरी, म्हणून नाही पडत. हे बघ, खऱ्या कॉम्प्युटरमध्ये एक छोटा सेल असतो. मशीन बंद असलं तरी त्यावर घड्याळ चालत राहतं. या आतल्या मशीनला ते नसतं. ते बिचारं सर्व्हरच्या भरवशावर सेकंद मोजत बसतं. बॅकअपला त्याला दहा सेकंद थांबवलं, की त्याला कळतच नाही आपण थांबलो होतो. परत सुरू झालं की जिथं होतं तिथूनच पुढं मोजतं."

"म्हणजे रोज दहा सेकंद मागे."

"म्हणून त्याला बाहेर विचारायला लावायचं असतं, की बाबा, खरे किती वाजले. ते विचारणं मी बंद केलं होतं. चालू करायचं विसरलो."

प्राचीची सुरी थांबली. "आणि सही पण तुम्हीच केली."

"हो."

 कांदा तसाच पाटावर राहिला. थोड्या वेळानं तिनं हात धुतले आणि म्हणाली, "मी त्या मुलीला काय काय बोलले होते, माहीत आहे का तुम्हाला? आमच्या स्टाफरूममध्ये. सगळ्यांसमोर." मग एवढंच म्हणाली, "आजच जा. उद्या नका म्हणू."

महूला जायला त्याला नेहमी पाऊण तास लागे. त्या दिवशी त्यानं वाटेत राऊ गावात गाडी थांबवली, टपरीवर चहा मागवला आणि न पिताच पुढे निघाला.

बुद्धरत्न दारातच खुर्ची टाकून बसले होते. उंच माणूस, पाठ अजून ताठ. त्यांनी रत्नपालला ओळखलं. "जय भीम. तू वर्कशॉपच्या वाहानेंचा मुलगा नं? ये, ये बेटा."

यशोधरा चहा घेऊन आली. दहा महिन्यांत तिच्यात फार बदल झाला होता असं नाही. फक्त ती ट्रे दोन्ही हातांनी घट्ट धरून आली आणि ठेवल्यावरही तिनं तो लगेच सोडला नाही. समोर कोण आहे हे पाहून तिचा चेहरा आक्रसला. रुग्णालयातलं कोणी या घरी आलं नव्हतं.

रत्नपालनं सगळं सांगितलं. नऊ जून, प्रिंटर, बॅकअप, दहा सेकंद, सही. गुणाकाराचा कागदही त्यानं आणला होता. शेवटी म्हणाला, "तू दोन मिनिटांतच पोचली होतीस. चूक माझी होती, बेटा. आणि हे कळल्यावरही मी नऊ दिवस गप्प बसलो."

ती रडेल, ओरडेल, घराबाहेर काढेल, असं काहीतरी त्यानं मनाशी धरलं होतं. ती कागदाकडे पाहत राहिली.

"काका," ती म्हणाली, "मी फोनवर होते का तेव्हा?"

"काय?"

"मला दिसतं तसं. मी टेबलाशी बसलेय, कानाला फोन आहे, दिवा लागलाय आणि मी उठत नाहीये. आधी नव्हतं दिसत. चौकशीत मी बोलले ते खरंच बोलले होते. पण मग सगळे म्हणायला लागले, मशीन थोडंच खोटं बोलेल. तर मी विचार करायला लागले की मी काय करत असेन सोळा मिनिटं. आणि मग ते फोनचं दिसायला लागलं. दिवाळीपासून तर रोज." तिनं वर पाहिलं. "तर मी नव्हते फोनवर?"

"नव्हतीस. तेवढा वेळच नव्हता मधे."

ती उठून आत गेली. आतून नळाचा आवाज आला, आणि तो बराच वेळ बंद झाला नाही.

बुद्धरत्न खुर्चीत हलले नव्हते. रत्नपालला वाटलं, आता ते आपल्याला बोलतील. पण ते त्याच्याशी बोलतच नव्हते.

"मी तिला एकदा विचारलं होतं," ते म्हणाले. "उशीर केलास का म्हणून. ती नाही म्हणाली. मी म्हटलं, कागदावर तर लिहिलंय. फौजेत सत्तावीस वर्षं काढली, कागदावर असतं ते मानायची सवय. त्यानंतर तिनं मला परत काही सांगितलं नाही." ते उठले, दारातून बाहेर गेले आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. मुलगी परत आली, तरी त्यांना आत वळता येईना.

"पप्पा," यशोधरानं हाक मारली. "पप्पा, आत या नं. ऊन आहे."

ते आले नाहीत. तीच बाहेर गेली आणि त्यांच्या शेजारी उभी राहिली.  रत्नपालनं आत एकट्यानं बसून गार झालेला चहा संपवला, कारण न पिता उठणं त्याला बरं वाटेना.

निघताना ती गाडीपर्यंत आली. "तुम्ही त्यांच्याकडे जाणार का? नानासाहेबांच्या मुलाकडे?"

"जावं लागेल."

"मग त्यांना एक सांगा. मला कोणी सांगूच दिलं नाही. त्यांचे बाबा एकटे नव्हते. मी गेले तर त्यांनी माझं मनगट धरलं. डॉक्टरांना हाक मारतानाही सोडलं नाही, म्हणून मला एका हातानंच सगळं करावं लागलं. 'दिवा आला का?' म्हणून विचारलं त्यांनी. मला वाटलं लाइट गेली असं त्यांना वाटतंय, मी म्हटलं, 'हो बाबा, आला.' नंतर कळलं की मुलाचं नाव दिवाकर आहे."

स्नेहलतागंजातल्या घरी रत्नपाल दुसऱ्या दिवशी गेला. दिवाकर पंचेचाळिशीचा, केस पांढरे झालेला. भिंतीवर नानासाहेबांचा हार घातलेला फोटो. सगळं ऐकून त्याचा पारा चढला.

"आता सांगताय? वर्ष होत आलं! तुम्हाला रुग्णालयानं पाठवलं का, सेटलमेंट करायला?"

"नाही जी. त्यांना माहीतही नाही मी इथं आलोय."

"मी रोज, रोज त्या सोळा मिनिटांत असतो, वाहानेजी. मी खाली पराठे खात होतो आणि माझे बाबा वर घंटी दाबत होते. दाबत होते, दाबत होते..." त्यानं भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. "आणि तुम्ही म्हणता घड्याळ मागे होतं?"

रत्नपालनं मग यशोधराचा निरोप सांगितला. मनगटाचं सांगितलं. दिव्याचं सांगितलं.

दिवाकर खाली बसला. "घरात मला दिवाच म्हणायचे ते," तो म्हणाला. "आणि तिनं काय सांगितलं?"

"हो, आला, म्हणून."

दिवाकरनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्याची बायको दारात येऊन उभी राहिली, पण जवळ आली नाही. हात बाजूला घेत तो म्हणाला, "तिचा फोटो मी टाकला होता. किती जणांनी पुढं पाठवला... तो आता परत कसा घ्यायचा?"



त्याच संध्याकाळी रत्नपालनं व्यवस्थापनाला पत्र लिहिलं, चौकशी समितीला प्रत दिली. देवदत्त सर त्यानंतर त्याच्याशी बोलले नाहीत. तीन महिन्यांनी समितीचं नवं पान आलं. घंटीच्या नोंदीतली वेळ ग्राह्य धरता येत नाही, सबब संबंधित परिचारिकेवरील ठपका मागे घेण्यात येत आहे. एवढंच. माफीचा शब्द नव्हता. यशोधराला कामावर परत यायला सांगितलं होतं. रत्नपालला हलगर्जीपणाबद्दल राजीनामा द्यायला सांगितलं. त्यानं दिला. शेवटच्या दिवशी लिफ्टवाला म्हणाला, "भिया, आज तो लिफ्ट से चलो." तो नको म्हणाला.

दिवाकरनं नवं पान मोबाइलवर टाकलं, खाली आपल्या नावानं माफी लिहिली. ते फार कोणी पुढं पाठवलं नाही. तो महूला एकदा गेलाही. बुद्धरत्न यांनी त्याला बसवलं, पाणी दिलं. यशोधरा त्याला भेटली. दोघांचं काय बोलणं झालं ते कोणाला माहीत नाही. येताना दिवाकर बसस्टॉपवर तासभर बसून होता, असं रत्नपालला नंतर कळलं.

यशोधरा रुग्णालयात परत गेली ती तीन दिवस. तिसऱ्या दिवशी एका बाईला इंजेक्शन द्यायचं होतं आणि भरलेली सिरिंज हातात घेऊनही तिला ती टोचता येईना. घंटी वाजली की ती आधी घड्याळाकडे पाहायची, मग मोबाइलकडे, मग पुन्हा घड्याळाकडे, आणि त्यातच उठायला वेळ जायचा. तिनं स्वतःहूनच सोडलं.

रत्नपाल आता एका छोट्या कंपनीत आहे. कोणाकोणाची मशीनं सांभाळतो, बहुतेक घरूनच. जुन्या ओळखीतले काही जण त्याला मानतात, काही टाळतात. महूला लग्नाकार्यात गेलं, की कोपऱ्यात कोणीतरी हळूच सांगतं, हाच तो. तो ते ऐकून घेतो.

मैत्रीचे क्लास संपायच्या सुमारास, मार्चमध्ये, तो तिला न्यायला भंवरकुआंला गेला होता. सिग्नलपलीकडे फळांच्या गाडीपाशी यशोधरा दिसली. तिच्यासोबत कॉलेजच्या दोन मुली होत्या. तिनंच त्याला आधी पाहिलं आणि मुलींना घेऊन रस्ता ओलांडून आली.

"काका, इथं कुठं?"

"मुलीला न्यायला. तू?"

"मी हॉस्टेलवर असते आता. मुलींच्या. वॉर्डन म्हणून." तिनं हातातली पपई दाखवली, मग एका मुलीकडे मान वळवली. "हिला तीन दिवस ताप आहे. काही जात नाही पोटात, म्हटलं हे तरी खाईल."

"औषध?"

"गोळ्या मीच देते. इंजेक्शनचं म्हणाले तर रिक्षा करून दवाखान्यात नेते. मी बाहेर थांबते." हे तिनं अगदी सहज सांगितलं. मग म्हणाली, "पप्पा बरे आहेत. रोज संध्याकाळी फोन करतात, काय काय झालं ते सगळं विचारतात. आधी कधी विचारायचे नाहीत."

त्याला काहीतरी बोलायचं होतं. आठ महिन्यांत दहा वेळा ते त्यानं मनात जुळवलं होतं. तोंडातून फक्त "चांगलं आहे" एवढंच आलं.

तापातली मुलगी जवळ येऊन तिच्या दंडाला टेकून उभी राहिली. "दीदी, ये कौन हैं?"

यशोधरानं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. "आमच्या महूचे आहेत," ती म्हणाली. "रत्नपाल काका." मग त्या मुलीच्या कपाळाला हात लावून पाहिला, "चल, अजून गरम आहेस," म्हणाली आणि तिला सांभाळत गर्दीतून हॉस्टेलच्या गल्लीकडे वळली. रत्नपाल गाडीवर तसाच बसून राहिला. मैत्री कधी मागे येऊन बसली आणि दोनदा "चला नं, बाबा" म्हणाली, ते त्याला तिसऱ्या वेळी ऐकू आलं.